हळद, लग्नपत्रिका आणि मागची कॅप: एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार. जुनी जीप घरच्या घरी दुरुस्त करण्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत, तिला हे उत्तर. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून साहेब म्हणतोय. तीस वर्षं गाड्यांच्या कामात काढली असं लिहिलंय, तर खरं म्हणजे मिस्त्रीच म्हणायला हवं. आमच्याकडं त्याला मान जास्त आहे.

‘रेडिएटरला हळद लावलीत, पॅकिंगला लग्नपत्रिका वापरलीत, आता जीपला मुंडावळ्या बांधा आणि वरातीला काढा’ हे तुमचं पहिलं वाक्य मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई आणि बायको दोघींची हसून मुरकुंडी वळली. तेव्हापासून मी शेडकडं निघालो की ‘नवरीकडं का?’ असं विचारलं जातं. त्यापुढचं मात्र वाचून दाखवलं नाही. ब्रेकचा पाइप घरी करणारा स्वतः मरत नाही, समोरच्याला मारतो. ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या कॅपखाली, म्हणजे झाकणाखाली, कागद घालणाऱ्याला तिथं काय असतं हेच माहीत नाही. सगळे पार्ट बाजारात मिळत असताना हा जुगाडाचा सोस कशाला. आणि एका चांगल्या जुन्या गाडीची तुम्ही वाट लावलीत. तुमचं म्हणणं साधारण एवढं. रात्री वाचलं तेव्हा राग आला. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, की ब्रेकबद्दल तुमचा गैरसमज झालाय आणि कॅपबद्दल माझा झाला होता.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमची जीप म्हणजे उंच बॉनेटची पेट्रोल महिंद्रा, सीजे-३बी. विलीजनं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं. त्यातलं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच, कारण इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. ते इंजिन मावावं म्हणून बॉनेट वर उचललं, आणि अमेरिकेत गाडी बंद झाल्यावरही आपल्याकडं ती बनत राहिली. आमची काकांनी घेतलेली. गगनबावड्याच्या अलीकडं आमचं गाव. पावसाळ्यात दुधाचे कॅन आणि आजारी माणूस, दोन्ही हिच्यातूनच जायचे. मग रस्ता झाला, काका गेले, आणि जीप अकरा वर्षं शेडमध्ये उभी राहिली. गेली काही वर्षं मी ती उघडत बसलोय.

आता हळद. पूर्ण माघार घेणार नाही. रेडिएटरला बारीक भोक पडलं, गाडी रानात आहे आणि घर आठ किलोमीटर लांब आहे, तर दोन चमचे हळद पाण्यात टाकून घर गाठता येतं. हळद पाण्यात विरघळत नाही, तिचे कण फुगतात आणि पाणी जिथून बाहेर पडतंय तिथं जाऊन अडकतात. पण त्या कणांना गळतीचं भोक कुठलं आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे कळत नाही, ते दोन्हीकडं बसतात. हे मी मागच्या लेखात लिहिलं नाही, ते लिहायला पाहिजे होतं. काकांच्या ड्रायव्हरनं वर्षानुवर्षं हळदीवर भागवलं असणार, कारण कोल्हापुरात रेडिएटरवाल्यानं खालची टाकी डाक सोडवून उघडली तेव्हा आतून पिवळा लगदा निघाला. तो म्हणाला, ‘ह्यात पिठलं कुणी शिजवलंय?’ अर्ध्याच्या वर नळ्या बंद होत्या. घाटात पाणी का उकळायचं हे कोडं आमच्या घरात मी शाळेत असल्यापासून होतं, ते त्या दुकानात सुटलं.

लग्नपत्रिकेवर मात्र मी ठाम आहे. टायमिंग कव्हर, पाण्याचा पंप, टॅपेटचं झाकण इथलं मूळ पॅकिंगसुद्धा कागदाचंच असतं. तिथं ना मोठा दाब आहे ना ज्वाळा. दोन सपाट तोंडांमधली खडबड भरून काढायची आणि तेल-पाणी अडवायचं एवढंच त्याचं काम. फक्त पत्रिका निवडून घ्या. चकचकीत, वर प्लास्टिकचा थर असलेली घेऊ नका, ती तेल पीत नाही, सुरकुतते आणि कडेनं पाझरते. जुन्या पद्धतीची, हाताला खरखरीत लागणारी पत्रिका उत्तम. कागद कव्हरवर धरायचा आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलके टोले द्यायचे. बिडाची धारच कागद कापते, कात्री लागत नाही. बोल्टच्या भोकांवर हातोडीचं गोल तोंड ठेवून एकेक टोला दिला की स्वच्छ टिकल्या पडतात. मग तासभर तेलात भिजवून बसवायचा. पंपाखालचं असं पॅकिंग दोन पावसाळे टिकलंय. (पत्रिका चुलतभावाच्या लग्नातली. त्याला सांगितलेलं नाही.)

बॉडी आणि चासीच्या मधल्या गाद्या मी गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून कापल्या, यालाही तुम्ही हसलात. पण कापड आणि रबर एकावर एक चिकटवलेल्या गाद्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जीपलाही होत्या, आणि गिरणीचा पट्टा तसलाच माल आहे. बाजारातल्या निव्वळ रबराच्या गाद्या मी आधी घातल्या होत्या. वर्षभरात दबून त्यांची भाकरी झाली.

बॉनेटवर पेट्रोलचा कॅन आणि खाली सलाईनची नळी, तो फोटो मी लेखातून काढून टाकला. तिथं तुम्ही बरोबर आहात. अंगणात उभ्या गाडीवर कार्बोरेटर तपासायला पाच मिनिटांसाठी ते केलं होतं, पण फोटोखाली तसं लिहिलं नव्हतं. बघणाऱ्याला वाटणार की गाडी अशीच चालते. गरम एक्झॉस्टच्या वर असली नळी सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

ब्रेकबद्दल. ‘ब्रेकचे पाइप गावातच केले’ असं मी एका ओळीत लिहून मोकळा झालो, आणि तुम्ही तांब्याची नळी, पत्र्याचा क्लिप असलं काहीतरी डोळ्यापुढं आणलंत. दोष माझ्या ओळीचा. झालं ते असं. ब्रेकसाठीचीच स्टीलची तयार नळी, जिला सगळे बंडी म्हणतात, ती मीटरवर विकत आणली. तोंडं वाकवायचं फ्लेअरचं हत्यार उसनं आणलं. पहिल्या दोन नळ्यांना मी साधं एकेरी फ्लेअर केलं. पेडल दाबून धरलं तर नटाच्या मुळाशी ओल दिसायला लागली. ही नळी म्हणजे पत्र्याचा दुहेरी वेढा असतो, एकेरी फ्लेअरमध्ये तिची कड चिरते. ब्रेकला कड आत दुमडून केलेलं दुहेरी फ्लेअरच लागतं. त्या दोन्ही नळ्या कापून टाकल्या आणि सगळं नव्यानं केलं. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर नवे. त्यांची नुसती रबरं बदलली नाहीत, कारण अकरा वर्षांच्या गंजानं आत खड्डे पडले होते. तिथं नवं रबर घालणं म्हणजे खडबडीत रस्त्यावर नवी चप्पल घासणं.

ही फुशारकी म्हणून सांगत नाही. या जीपच्या ब्रेकला एकच सर्किट आहे. चारांपैकी एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, आजच्या गाड्यांसारखं निम्मं काही शिल्लक राहत नाही. म्हणून मी सुरुवातीपासून पार्टांचे दोन ढीग केले. जो मोडला तर गाडी बंद पडेल तो एका ढिगात, जो मोडला तर गाडी थांबणार नाही किंवा वळणार नाही तो दुसऱ्यात. पहिल्या ढिगाला पत्रिका, पट्टा, पेट्रोलच्या टाकीच्या भोकाला अंगाचा साबण, काय वाटेल ते. दुसऱ्याला फक्त नवा आणि बरोबर मापाचा पार्ट. ब्रेक, स्टिअरिंगचे रॉड आणि गोळे, किंगपिन, चाकांचे बोल्ट, कमानीचे यू-क्लॅम्प हे सगळं दुसऱ्यात. प्लगचा गॅप मी हॅकसॉच्या पात्यानं बघतो. पातं साधारण ०.६५ मिमी जाड, प्लगला ०.७५ लागतं, पात्यावर किंचित सैल ठेवला की जमतं. चुकलं तर गाडी खोकेल. ब्रेकच्या बाबतीत असलं ‘जमतं’ चालत नाही.

ब्रेक ऑइलचं एक सांगून टाकतो, कारण गावातल्या दोघांनी मला एरंडेल टाकायचा सल्ला दिला. ते अगदीच हवेत बोलत नव्हते, फार पूर्वी ब्रेकचं तेल एरंडेल आणि अल्कोहोल मिसळूनच व्हायचं. पण आताची रबरं आताच्या तेलासाठी आहेत. त्यात चुकून इंजिन ऑइल गेलं किंवा पार्ट रॉकेलनं धुतले, तर रबर फुगून सिलिंडर जाम होतो. आणि डॉट-३ तेल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना ते २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पाणी मुरल्यावर ती १४० वर येते. गगनबावड्याच्या पावसात अर्धी उघडी बाटली वर्षभर ठेवून वापरू नये ती यासाठी.

आता कॅप. हे लिहायला दोन दिवस लावले.

तुम्ही लिहिलंत, ‘तिथं पॅकिंग नसतं, शिम्स असतात.’ मी शेडमध्ये जाऊन खोक्यातला भंगार चाळला. ट्रान्स्फर केस उघडली तेव्हा मागच्या कॅपखालून तीन पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या होत्या. गंजलेल्या होत्या, कुणीतरी पॅकिंग फाटलं म्हणून पत्रा घातला असेल असं वाटलं, आणि मी त्या फेकल्या. त्यांच्या जागी मस्त जाड पत्रिका कापून बसवली आणि तिचा फोटोही टाकला. त्या चकत्या म्हणजेच शिम्स.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कारण माझ्यासारखे आणखी असतील. ट्रान्स्फर केसमधून मागच्या चाकांकडं ताकद नेणारा जो शाफ्ट या कॅपमधून बाहेर येतो, त्याला दोन्ही टोकांना टेपर बेअरिंगं आहेत. कॅप किती आत दाबली जाते त्यावर शाफ्ट मागंपुढं किती हलेल ते ठरतं, आणि ती हालचाल साधारण ०.१० ते ०.२० मिमी असावी लागते. शिम काढला की घट्ट, घातला की सैल. म्हणजे कॅपखाली जे काही ठेवाल ते तेल अडवण्यासाठी नाही, ते माप आहे. मी तिथं एक पत्रिका ठेवली, तिची जाडी मोजलीही नाही. वर कागद बोल्टखाली हळूहळू दबतो, म्हणजे आज जे माप आहे ते सहा महिन्यांनी राहणार नाही.

गेल्या महिन्यापासून चाळीसच्या वेगाला खालून घूं आवाज येत होता. तो मी टायरांवर ढकलला. तुमचं वाचल्यावर मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) हातानं धरून ओढला, तर तो जिथं जोडलेला असतो तो ट्रान्स्फर केसचा योक पुढंमागं होताना डोळ्याला दिसला. डोळ्याला दिसतो म्हणजे ०.२० च्या किती पुढं गेलाय ते तुम्हाला कळेल.

आणि खरी गोष्ट इथून पुढं आहे. तुम्ही ती लिहिली नाहीत, बहुतेक सांगायची गरज वाटली नसेल. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही. तो त्याच कॅपच्या मागं, त्याच शाफ्टवरच्या एका छोट्या ड्रमवर आहे. शाफ्ट हलला की तिथलं ऑइल सील जातं, सील गेलं की गिअर ऑइल थेट त्या ड्रममध्ये उतरतं. मी ड्रम काढला. लायनिंग तेलानं ओलंकच्च. म्हणजे एक सर्किटचा ब्रेक फुटला तर हाताशी राहणारा एकमेव ब्रेक मी पत्रिकेनं वंगण घालून ठेवला होता. जो पार्ट मी ‘मोडला तर फार तर आवाज येईल’ म्हणून पहिल्या ढिगात टाकला, तो दुसऱ्या ढिगातला निघाला. ढीग करण्याची माझी पद्धत मला अजूनही बरोबर वाटते, पण पार्टची सगळी कामं माहीत नसताना तो कुठल्या ढिगात टाकायचा हे मला कळत होतं असं मी समजत होतो.

त्याच माळेतला दुसरा मणी म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा वळणारा सांधा. हँडब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट क्रॉसमधून चाकांना. मागचा क्रॉस तुटला तर हँडब्रेक ओढून काही उपयोग नाही, तो नुसता लोंबकळणारा शाफ्ट धरून बसेल. तेव्हा पुढचा एक्सल जोडलेला असला तरच गाडी अडेल. मागच्या क्रॉसच्या कपांमध्ये मी ग्रीस भरून ‘अजून चालेल’ म्हटलं होतं. दोन्ही नवे आणलेत.

याच हँडब्रेकनं मला एकदा हिसका दाखवला होता, पण तेव्हाही मी धडा अर्धाच घेतला. आमचं अंगण थोडं उताराचं आहे. हँडब्रेक ओढला, मागचं उजवं चाक जॅकवर उचललं आणि नट सोडायला लागलो. शाफ्ट ब्रेकनं धरलेला होता, पण मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल मोकळं. उचललेलं चाक हवेत उलटं फिरलं तर जमिनीवरचं चाक सुलटं फिरू शकतं, आणि तेच झालं. जीप जॅकवरून घसरली आणि दोन फूट मागं जाऊन तुळशीवृंदावनाला टेकली. मी चाकाच्या बाजूला उकिडवा होतो, खाली नव्हतो, म्हणून हे लिहितोय. तुळस वाचली, वृंदावनाचा एक कोनाडा गेला, आईनं दोन दिवस बोलणं टाकलं. आता जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाची पाचर असते आणि चासीखाली फणसाचे दोन ओंडके. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे नाहीत, ते आधी काही न सांगता फुटतात. मागच्या लेखावर चाळीसेक प्रतिक्रिया आल्या, जॅकबद्दल एकानंही विचारलं नाही. घरी काम करणाऱ्याला पत्रिकेच्या पॅकिंगपेक्षा याचा धोका कितीतरी मोठा.

सगळे पार्ट मिळतात हे तुमचं बरोबर. दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून आपल्या कोल्हापूरपर्यंत या जीपचं बहुतेक सगळं मिळतं. पण मिळतो तो पार्ट बसतोच असं नाही. किंगपिनची दोन बेअरिंगं तीन दुकानांतून परत केली. शेवटी शॅकलचे (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बूश मी शिवाजी उद्यमनगरात एका टर्नरकडून गनमेटलमध्ये काढून घेतले, जुना नमुना हातात देऊन. त्यानं आधी पिनच मायक्रोमीटरवर घेतली आणि म्हणाला, ‘बूश नवा करून काय उपेग, पिनच झिजलीया की.’ मग दोन्ही केले. हा जुगाड म्हणायचा की काम, तुम्ही ठरवा. बाकी काही वेळा पत्रिका कापायचं कारण एवढंच असतं, की रविवार आहे, दुकान बंद आहे आणि बाहेर कोसळतोय. कधी नुसता आळस.

वाट लावण्याबद्दल एकच. आमच्या भागातल्या या पिढीच्या जीपा बहुतेक डिझेल इंजिन घालून फिरतात, आणि त्यातल्या सगळ्यांच्या आरसी बुकात ते चढलेलं असतं असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला ते चालत नाही. आमच्या जीपचं इंजिन तेच, नंबर तोच, आणि दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून नोंदणी वाढवून घ्यायची आहे. लढाईतल्या जीपा विलीज आणि फोर्ड दोघांनी बनवल्या, फोर्डनं आपल्या पार्टांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ ठोकला, आणि तरी एकीचा पार्ट दुसरीला लागायचा. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती करता यावी म्हणून ती अशी केली होती. अशा गाडीच्या बॉडीखाली गिरणीचा पट्टा गेला तर तिची अब्रू जाईल असं मला वाटत नाही.

मागच्या लेखातला कॅपचा फोटो काढून टाकलाय, तिथं तुमची प्रतिक्रिया चिकटवलीय. जीप पाचरी लावून शेडमध्ये उभी आहे. करूळ घाट उतरायचा बेत पुढं ढकलला. शिम्सचा संच आणि ऑइल सील आणलंय, हँडब्रेकचं लायनिंग नवं रिव्हेट करायला दिलंय. तेलात भिजलेलं पेट्रोलनं धुऊन वापर, असं इथं एकानं सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. टर्नर त्याचं डायल गेज एका दिवसासाठी द्यायला तयार आहे.

एवढंच विचारायचं होतं. हालचाल मोजताना तुम्ही ऑइल सील आधी बसवता की नंतर? टर्नर म्हणतो सील बसलेलं असेल तर शाफ्टला ओढ लागते आणि गेज कमी दाखवतं, म्हणून आधी शिम्स ठरव, मग कॅप काढून सील ठोक. पण तसं केलं तर कॅप दोनदा उघडावी लागते, आणि कॅपच्या एका बोल्टाचे आटे आधीच मऊ लागतायत. रविवारच्या आत कळवलंत तर बरं होईल.